कॉर्डलेस फोन घेताना आधी बेस बघा

कॉर्डलेस फोन घ्यायला गेलं की हात आधी हँडसेटकडे जातो. बटणं मोठी आहेत का, स्क्रीन नीट दिसते का, कानाला कसा लागतो, हे सगळं उभ्या उभ्या कळतं. बेसकडे, म्हणजे लाइनला जोडायच्या डब्याकडे, मात्र कोणी फारसं बघत नाही. पण आवाज स्वच्छ येणार का, मागच्या खोलीत रेंज मिळणार का, किती हँडसेट जोडता येतील, आपलं बोलणं खाजगी राहील का आणि वीज गेल्यावर काय होईल, यातलं बरंचसं बेसमध्येच ठरलेलं असतं. हँडसेट बिघडला तर दुसरा आणता येतो. बेस गेला की सगळी यंत्रणाच नव्याने उभी करावी लागते. म्हणून तुलना बेसपासून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे.

बेस म्हणजे घरातलं एक छोटं रेडिओ केंद्र. लाइनवरून आलेला आवाज तो रेडिओ लहरींवर चढवून हँडसेटकडे पाठवतो आणि हँडसेटकडून आलेला आवाज लाइनवर सोडतो. या लहरी कोणत्या, यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं. १९८० च्या दशकातले अनेक संच ४६ आणि ४९ मेगाहर्ट्झच्या आसपास चालत. त्यांचा आवाज अ‍ॅनालॉग असे, म्हणजे आहे तसाच लहरींवर जाई, आणि लहरी पकडणारा साधा रेडिओ स्कॅनर असलेल्या कोणालाही तो ऐकता येई. पुढे ९०० मेगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ, ५.८ गिगाहर्ट्झ असे संच आले आणि खोक्यावरचा आकडा मोठा तेवढा फोन चांगला, हा समज रुजला. तो चुकीचा आहे. सर्वसाधारणपणे लहरीची वारंवारता जितकी जास्त, तितकी ती भिंतीतून जाताना जास्त क्षीण होते. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन या सगळ्यांची आधीच गर्दी असते.

आज घ्यायचा तो ‘डेक्ट’ या डिजिटल कॉर्डलेस मानकाचा फोन, याबद्दल मला शंका नाही. युरोपातल्या एत्सी या मानक संस्थेने हे मानक १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याला स्वतःचा राखीव पट्टा आहे: युरोपात आणि इतर अनेक देशांत १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ, अमेरिकेत १९२० ते १९३०. अमेरिकेतल्या संचांवर ‘डेक्ट ६.०’ असं छापलेलं असतं. त्यातल्या सहाचा गिगाहर्ट्झशी काही संबंध नाही. ते निव्वळ विक्रीसाठी दिलेलं नाव. हे पट्टे वेगळे असल्यामुळे एका देशातला संच दुसऱ्या देशात नेऊन लावू नये. अमेरिकी फोन जो पट्टा वापरतो, तो इतर अनेक ठिकाणी मोबाइल सेवेला दिलेला आहे. तिथे असा फोन लावणं बेकायदा तर आहेच, शिवाय त्याने मोबाइलच्या टॉवरलाही त्रास होतो.

डेक्टची खरी करामत वेळेच्या वाटणीत आहे. एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचे २४ तुकडे केलेले असतात. पहिल्या १२ तुकड्यांत बेस बोलतो, उरलेल्या १२ मध्ये हँडसेट. एका संभाषणाला प्रत्येक दिशेने एकच तुकडा पुरतो, म्हणजे हँडसेट एकूण वेळेच्या फक्त चोविसाव्या भागात लहरी सोडतो. युरोपीय संचाची कमाल शक्ती २५० मिलिवॅट असली तरी सरासरी सुमारे १० मिलिवॅटच भरते, ती याच कारणाने. त्या पट्ट्यात १० वाहक लहरी, प्रत्येकीवर तुकड्यांच्या १२ जोड्या, म्हणजे एकूण १२० मार्ग होतात. हँडसेट त्यातला सर्वांत शांत मार्ग सतत शोधत असतो आणि मधेच कोणी आडवं आलं तर बोलणं न तोडता दुसरीकडे सरकतो. एका इमारतीत डझनभर डेक्ट फोन असूनही एकमेकांच्या पायात पाय येत नाही, तो यामुळे.

आता रेंज. खोक्यावर ३०० मीटर लिहिलेलं असतं. ते मोकळ्या मैदानातलं, समोरासमोरचं अंतर. घराच्या आत ५० मीटर धरावेत आणि भिंती जाड असतील तर त्याहूनही कमी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की लहरीची शक्ती चौथाई उरते. लोखंडी सळ्यांची काँक्रीटची एकच जाड भिंत तिचे दहापैकी नऊ भाग सहज गिळू शकते. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा लहरी परतवतात, कारण आरशाच्या मागचा लेपही धातूचाच असतो. पाण्याने भरलेली माशांची काचपेटी त्या शोषून घेते. म्हणून बेस घराच्या मध्यावर, उंचावर आणि उघड्यावर ठेवावा. टीव्हीच्या मागे कोपऱ्यात दडवलेला उत्तम बेस हा उघड्यावर ठेवलेल्या साध्या बेसपुढे हरतो.

एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. बोलत बोलत बेसपासून लांब जा. जिथे शब्द तुटायला लागतील, तिथेच थांबा आणि हँडसेट फक्त चार बोटं इकडेतिकडे सरकवा. आवाज पुन्हा जुळतो, आणखी सरकवला की पुन्हा तुटतो. बेसकडून थेट आलेली लहर आणि भिंतींवरून परतलेली लहर यांची गाठ पडते. काही जागी त्या एकमेकींना बळ देतात, काही जागी एकमेकींना मारतात. १.९ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १६ सेंटिमीटर, त्यामुळे अशा मुक्या जागा साधारण ८ सेंटिमीटरच्या अंतराने येऊ शकतात. चांगल्या बेसमध्ये दोन अँटेना असतात, त्या याचसाठी. एक मुक्या जागी सापडली तरी दुसरी बहुधा तिथे नसते आणि बेस क्षणोक्षणी त्यातली बरी निवडतो. माहितीपत्रकात दोन अँटेनांचा उल्लेख असेल तर त्याला वजन द्या. एवढं करूनही घराचा एखादा कोपरा पोचत नसेल, तर बेसच्या लहरी पुढे पोचवणारा रिपीटर लावता येतो. मात्र तो त्याच बेसशी जुळणारा हवा. लहरी कमी सोडणारी ‘इको’ सोय रिपीटरसोबत अनेकदा चालत नाही, हेही आधी विचारून घ्यावं.

हँडसेट किती जोडायचे, हे आजच ठरवायची गरज नाही. बऱ्याच घरगुती बेसना सहापर्यंत चालतात. ‘गॅप’ या जोडणी-मानकाचे संच असतील तर वेगवेगळ्या कंपन्यांचे बेस आणि हँडसेटही जुळतात. पण कॉल घेणं-करणं एवढंच नक्की. नंबरांची सामायिक यादी, बेसमधल्या निरोपयंत्राची बटणं वगैरे चालतीलच असं नाही. साध्या लाइनवर बाहेरचा कॉल एका वेळी एकच होतो, हँडसेट कितीही असोत. घरातून एकाच वेळी दोघांना बाहेर बोलायचं असेल तर इंटरनेटवरून चालणारा, दोन कॉल पेलणारा बेस बघावा लागतो.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर, कारण ज्येष्ठांच्या दृष्टीने हा मुद्दा मोलाचा आहे. जुनी टेलिफोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची ओळख पटवणारी सळसळ बरीचशी त्याच्या वर असते. म्हणून तर फोनवर नाव सांगताना ‘सशातला स’ अशी फोड करावी लागते. वयानुसार कान कमजोर होतात, ते आधी याच उंच स्वरांना, त्यामुळे नुकसान दुहेरी होतं. एचडी आवाज देणारे संच सुमारे ७००० हर्ट्झपर्यंत जातात आणि फरक पहिल्याच वाक्यात कळतो. अट एकच: समोरचा फोन आणि मधली सेवा दोन्ही एचडी हवीत. तांब्याच्या साध्या लाइनवर एचडी बेस लावून बाहेरच्या कॉलला काही उपयोग नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी टेलिकॉइलशी (यंत्रातल्या, फोनचा आवाज चुंबकीय मार्गाने घेणाऱ्या वेटोळ्याशी) जुळणारा हँडसेट मागावा आणि शक्यतो यंत्र कानात घालूनच ऐकून बघावं. डेक्टच्या लहरी सेकंदाला शंभर वेळा चमकतात आणि काही यंत्रांमध्ये त्याची गुणगुण ऐकू येते.

सुरक्षिततेचा मुद्दा दुकानात सहसा कोणी काढत नाही, आपणच काढावा. डेक्टमध्ये बोलणं सांकेतिक करून पाठवायची सोय पहिल्यापासून आहे, पण ती चालू ठेवणं निर्मात्यावर सोडलेलं होतं. २००८ मध्ये बर्लिनच्या एका संगणक परिषदेत संशोधकांनी लॅपटॉपमध्ये बसणारं स्वस्त कार्ड वापरून असे फोन ऐकून दाखवले. कित्येक संचांत सांकेतिकीकरण बंदच होतं. शिवाय बेस खरा आहे का, हे हँडसेट तपासत नसे. त्यानंतर मानक कडक झालं. डेक्ट फोरम या उद्योग संघटनेचं सुरक्षा प्रमाणपत्र असलेला नवा संच घ्यावा, कपाटात पडलेला जुना पुन्हा वापरात काढू नये आणि बेसचा मूळ पिन ०००० असेल तर तो पहिल्याच दिवशी बदलावा.

सेलच्या बाबतीत नियम साधा आहे: नेहमीचे ट्रिपल ए मापाचे, १.२ व्होल्टचे निकेल-मेटल हायड्राइड सेल बसणारा हँडसेट घ्या. खास आकाराची बॅटरी काही वर्षांनी मिळेनाशी झाली की चांगला हँडसेट फुकट जातो. अल्कलाइन सेल त्यात कधीही घालू नका. चार्जर त्यांच्यात वीज ढकलत राहतो, मग ते गळतात, फुटूही शकतात.

राहिली वीज. तारेच्या जुन्या फोनला एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून वीज मिळायची, म्हणून घरात अंधार असला तरी तो चालायचा. कॉर्डलेसचा बेस घरच्या विजेवर चालतो. ती गेली की हँडसेटची बॅटरी भरलेली असूनही फोन मुका. काही बेस अशा वेळी त्यांच्यावर ठेवलेल्या हँडसेटच्या बॅटरीतून वीज घेतात. घरात आजारी किंवा एकटं राहणारं माणूस असेल तर ही सोय आवर्जून बघा. तांब्याची लाइन असेल तर तारेचा एक साधा फोनही जोडून ठेवा. फायबरच्या जोडणीत तोही कामाचा नाही, कारण तिथे फोनचा आवाज राउटरमधून येतो. तेव्हा फायबरचा डबा, राउटर आणि कॉर्डलेसचा बेस या तिघांनाही बॅकअप लागतो. राउटरसाठी मिळणारे छोटे बॅकअप बहुधा १२ व्होल्टचे असतात आणि कॉर्डलेसच्या बऱ्याच बेसना त्याहून कमी व्होल्ट लागतात. जोडण्याआधी बेसच्या अडॅप्टरवर छापलेला आकडा वाचून घ्या.