पार्श्वभूमी : सार्वजनिक जागांतील लाकडी फर्निचर आणि सत्तावीस वर्षांची मनाई

शाळा, वाचनालये, न्यायालये, दवाखाने आणि सरकारी कार्यालये यांसाठी पुन्हा लाकडी फर्निचर घ्यावे का, ही चर्चा गेल्या काही वर्षांत नव्याने सुरू झाली आहे. तिचे निमित्त सरळ आहे. केंद्र सरकारच्या बांधकाम यंत्रणेने 1993 मध्ये आपल्या कामांत लाकूड वापरण्यास मनाई केली होती आणि ती 2020 मध्ये उठवण्यात आली. या चर्चेत लाकडाचे गुण मोजून दाखवले जातात, परंतु ते गुण आताच कुणाला सापडलेले नाहीत. ज्या पिढीने सागवानी बाकांवर बसून शिक्षण घेतले तिला ते ठाऊकच होते. गुण ठाऊक असूनही लाकूड सार्वजनिक जागांतून बाहेर कसे गेले आणि परत येताना त्याच्या नावाखाली नेमके काय येत आहे, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

फार मागे जाण्याची मात्र गरज नाही. पेशवाईतला कारकून जमिनीवरच बसे आणि त्याच्या पुढ्यात उतरत्या फळीचे बैठे मेज असे. पंतोजींच्या शाळेत मुलांसमोर धूळपाटी असे. सामायिक वापरासाठी उंच बैठकीचे फर्निचर मोठ्या प्रमाणावर आले ते एकोणिसाव्या शतकात, न्यायालये, महाविद्यालये, रेल्वे आणि वाचनालये यांच्याबरोबर. त्याच काळात मुंबईत शिसवीच्या कोरीव फर्निचरचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला, परंतु त्याचे गिऱ्हाईक बंगलेवाले होते. संस्थांच्या वाट्याला साधा, जाड, बिननक्षीचा साग आला. पुण्या-मुंबईच्या वखारींत चांगल्या सागाला अजूनही ‘सी. पी.’ साग किंवा ‘बल्लारशा’ म्हणतात. ज्या मध्य प्रांतावरून (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) ‘सी. पी.’ हे नाव पडले तो प्रांत 1950 पासून नकाशावर त्या नावाने उरलेला नाही. वखारीत मात्र तो आहे.

लाकडाची पहिली माघार जंगलाच्या काळजीतून झाली नाही, ती आरोग्याच्या काळजीतून झाली. रोगजंतूंचा सिद्धान्त रुजल्यानंतर रुग्णालयांत पुसता आणि धुता येणाऱ्या लोखंडी खाटा आल्या. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि घरांतले सामान बाहेर काढून जाळण्यापर्यंत उपाय गेले. त्या अनुभवानंतर सच्छिद्र वस्तूंविषयीचा संशय वाढला यात नवल नाही. दुसरे कारण ढेकणांचे होते, आणि ते आज हसून सोडून देण्याजोगे वाटले तरी वसतिगृहे, धर्मशाळा आणि नाट्यगृहे चालवणाऱ्यांसाठी खरोखर त्रासाचे होते, कारण खुर्चीच्या सांध्यात आणि वेताच्या विणीत ढेकूण एकदा बसला की उन्हात टाकणे आणि उकळते पाणी ओतणे एवढेच उपाय हाती असत. मुंबईत 1923 च्या सुमारास पोलादी कपाटे तयार होऊ लागली आणि दप्तर ठेवण्यासाठी ती लाकडी कपाटांपेक्षा सोयीची ठरली: वाळवी नाही, उंदीर नाही, कुलूप पक्के. इथपर्यंतची देवघेव रास्त होती. ज्या कामाला पोलाद बरे तिथे ते आले. बसण्याच्या आणि लिहिण्याच्या जागी लाकूड राहिले.

दरम्यान जंगलांवर जो ताण पडत होता त्यात या बाकांचा वाटा किती होता, हे तपासायला हवे, कारण पुढच्या निर्णयाचे सारे समर्थन त्यावरच उभे आहे. मलबारचा साग मुंबईच्या गोदीत जहाजांसाठी येत होता. 1817 मध्ये तिथे बांधलेली एक सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर आहे. जहाजांसाठीचा साग संपत चालल्याचे पाहूनच 1840 च्या दशकात केरळातल्या निलंबूरला सागाची लागवड हाती घेतली गेली. 1853 मध्ये मुंबई–ठाणे रेल्वे सुरू झाली आणि त्यानंतर रुळांखालच्या लाकडी स्लीपरांनी साग, साल आणि देवदाराची जंगले खाल्ली. 1864 मध्ये वनखाते स्थापन झाले त्यामागे हीच निकड होती. दोन महायुद्धांत पुन्हा तोड वाढली, आणि स्वातंत्र्यानंतर धरणे, खाणी, शेतीसाठीचे जमीनवाटप व कागद गिरण्या यांनी उरलेले केले. या यादीत शाळेचा बाक शोधावा लागतो.

1988 च्या राष्ट्रीय वन धोरणाने मात्र त्याला यादीत घेतले. नैसर्गिक जंगलावरचा भार कमी करावा, लाकडाला पर्याय शोधावेत आणि लाकडाची आयात खुली करावी, अशी त्या धोरणाची दिशा होती. ज्या वापरांत लाकडाऐवजी दुसरे साहित्य घ्यावे त्यांत रेल्वेचे स्लीपर, विशेषतः सरकारी क्षेत्रातली बांधकामे, फर्निचर आणि पॅनेलिंग, खाणीतले टेकू आणि कागद यांचा उल्लेख आहे. स्लीपर आणि खाणीतले टेकू ज्या ओळीत, त्याच ओळीत फर्निचर बसवले गेले. टेकू खाणीत जाऊन काही वर्षांत कुजतो आणि कागद एका वर्षात रद्दीत जातो, पण सागवानी टेबल साठ-सत्तर वर्षे वापरात राहते, हा फरक त्या ओळीने पुसला. पाच वर्षांनी, 1993 मध्ये, बांधकाम यंत्रणेची मनाई आली.

या निर्णयाच्या बाजूने जे म्हटले जाते ते मांडणे आवश्यक आहे. सरकार हे देशातले फार मोठे गिऱ्हाईक आहे. त्याने खरेदी थांबवली की बाजाराला इशारा जातो. त्या काळात तोडीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा दुबळी होती, चोरटे लाकूड आणि परवान्याचे लाकूड वखारीत एकत्र होत असे, आणि कोणते लाकूड लागवडीचे व कोणते जंगलातले हे खरेदी अधिकाऱ्याला सांगता येत नव्हते. अशा स्थितीत सगळ्यालाच नकार देणे हा सोपा आणि राबवता येण्याजोगा नियम होता. 1996 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ईशान्येकडील तोड, तिथल्या आरागिरण्या व प्लायवूड कारखाने आणि तिथून होणारी लाकडाची वाहतूक यांवर जे कडक आदेश दिले, ते पाहता परिस्थिती गंभीर होती हे कुणी नाकारू नये.

तरीही ही मनाई चुकीच्या जागी लावली गेली, असे माझे मत आहे. तिने झाड तोडले जाण्याचा क्षण मोजला. वस्तू किती वर्षे टिकते हे मोजले नाही. लाकडाऐवजी जे येणार होते त्या पोलादासाठी, ॲल्युमिनियमसाठी आणि प्लास्टिकसाठी किती कोळसा जळतो, त्या कोळशाच्या खाणीसाठी चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात किती जंगल जाते, हा हिशेब त्यात नव्हता. शेताच्या बांधावर साग लावणाऱ्या शेतकऱ्याचे एक खात्रीचे गिऱ्हाईक त्यातून गेले. झाड मोठे होऊनही ते तोडण्यासाठी परवानगी, वाहून नेण्यासाठी पास आणि शेवटी सरकारी दारात मनाई, अशा क्रमात सागाची लागवड वाढणार कशी? शिवाय देशातली मागणी थांबली नाही. 1990 च्या दशकात आयात मोकळी झाल्यावर ब्रह्मदेश, मलेशिया आणि पुढे आफ्रिकेतले ओंडके कांडला बंदरात उतरू लागले आणि आपल्या जंगलावरचा भार दुसऱ्याच्या जंगलावर गेला. ब्रह्मदेशाने 2014 मध्ये कच्च्या ओंडक्यांची निर्यातच बंद केली.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट या निर्णयाशेजारी ठेवून पाहावी. चंदीगड शहर वसवताना 1950 च्या दशकात तिथली सचिवालये, न्यायालय, विद्यापीठ आणि वाचनालये यांसाठी साग आणि वेत यांच्या हजारो खुर्च्या, टेबले व बाक स्थानिक सुतारांकडून करून घेतले होते. काही दशकांनी ते जुने झाले म्हणून कार्यालयांच्या गच्चीवर आणि आवारात ढिगाने पडले आणि भंगाराच्या भावाने लिलावात गेले. ते विकत घेणाऱ्यांनी दुरुस्त करून परदेशातील लिलावांत लाखो रुपयांना विकले, आणि 2011 मध्ये केंद्राला अशा वारसा फर्निचरच्या विक्रीला मनाई करावी लागली. एकीकडे नवे लाकूड घ्यायचे नाही आणि दुसरीकडे तयार असलेले, अर्धशतक टिकलेले लाकूड भंगारात काढायचे, हे दोन्ही एकाच व्यवस्थेत चालू होते. महाराष्ट्रातल्या जुन्या कचेऱ्यांतही डेडस्टॉक रजिस्टरमधून, म्हणजे सामानाच्या नोंदवहीतून, निर्लेखन होऊन (नोंद कमी होऊन) किती सागवानी टेबले गेली असतील याचा विचार केला की वाईट वाटते, कारण त्यातल्या बहुतेकांना एक पाय बदलणे आणि रंधा मारून पॉलिश करणे एवढेच हवे असते.

मनाईच्या वर्षांत आणखी एक बदल झाला, आणि आजच्या चर्चेत सर्वांत जास्त घोळ त्यानेच होतो: ‘लाकडी’ या शब्दाचा अर्थ बदलला. पूर्वी सुतार ज्याला लाकूड म्हणे ते ओंडक्यातून कापलेले अखंड लाकूड होते. आता निविदेत ‘लाकडी टेबल’ लिहिले की त्यात किमान पाच वेगळ्या वस्तू बसतात: अखंड लाकूड, लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले प्लायवूड, दोन पातळ थरांमध्ये पट्ट्या भरलेला ब्लॉकबोर्ड, लाकडाचा तंतू दाबून केलेला एमडीएफ, आणि भुसा व चुरा चिकटवून केलेला पार्टिकल बोर्ड. वरून सागाच्या रेषांचे छापील लॅमिनेट लावले की पाचही सारखेच दिसतात. शाळांना मिळणारे ‘ड्युअल डेस्क’ तर बहुधा लोखंडी सांगाड्यावर बोर्डाची फळी असे असतात, तरी बोलताना त्यांनाही लाकडी बाकच म्हटले जाते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. पार्टिकल बोर्डाच्या कडेची पट्टी सुटली आणि कोकणातल्या पावसाळ्याची ओल आत गेली की तो फुगतो, आणि फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. त्यात एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात घट्ट होत नाही. अखंड सागाच्या बाकात एका फळीच्या टोकाची जीभ दुसऱ्या फळीच्या खाचेत बसवून वर लाकडी खुंटी ठोकलेली असते. सांधा हलू लागला तर गावातला सुतार तो उघडून पुन्हा घट्ट करतो. बहुतेक बोर्डांत युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू खोलीत येत राहतो. हा वायू मानवात कर्करोग घडवू शकतो असे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण 2004 मध्ये झाले. कमी उत्सर्जनाचे बोर्ड मिळतात, चांगले प्लायवूड सार्वजनिक वापरात उत्तम टिकते, आणि बोर्ड सरसकट वाईट असा त्याचा अर्थ नाही. परंतु लाकडाच्या फायद्यांची यादी अखंड लाकडाची द्यायची आणि खरेदी चुऱ्याच्या बोर्डाची करायची, असे आज होत आहे. अखंड लाकूड सांगितले तरी त्यातही प्रश्न उरतो, कारण सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला ती लागते, आणि कोवळ्या झाडात हाच पांढरा भाग जास्त असतो.

अखंड लाकडाचे फायदे यानंतर थोडक्यात सांगता येतात. पोलादाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता लाकडाच्या शेकडो पट आहे. अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या एसटी स्थानकावर मे महिन्यात दुपारी, ऊन आलेल्या पोलादी बाकावर टेकून पाहिलेल्या माणसाला याचे स्पष्टीकरण नको. वर्गात चाळीस मुले एकदम उठतात तेव्हा पत्र्याचा बाक वाजतो तसा लाकडी बाक वाजत नाही. लाकडी पृष्ठभाग खराब झाला तर तो तासून नवा करता येतो. वाकलेल्या पत्र्याला किंवा तडकलेल्या प्लास्टिकला ते जमत नाही. आणि एक घनमीटर सुक्या सागाचे वजन साधारण 600 ते 650 किलो असते, त्यातला जवळजवळ निम्मा भाग कार्बन, म्हणजे हवेतून घेतलेला एक टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड त्या टेबला-बाकांत तितकी वर्षे धरून ठेवलेला असतो. झाडाच्या जागी नवे झाड लागले तरच या आकड्याला अर्थ आहे, हेही तितकेच खरे.

2020 च्या निर्णयाकडे येताना बाहेरचे एक उदाहरण उपयोगी आहे. जपानने युद्धानंतर, आग आणि जंगलतोड यांच्या भीतीने, 1950 च्या दशकात सरकारी इमारतींत लाकूड टाळण्याचे धोरण घेतले होते. मग युद्धानंतर लावलेली झाडे तोडीला आली आणि 2010 मध्ये सार्वजनिक इमारतींत लाकूड वाढवण्याचा कायदा झाला. आपल्याकडे क्रम थोडा वेगळा राहिला. 2014 मध्ये राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरण आले, 2017 मध्ये वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या कायदेशीर व्याख्येतून वगळला गेला, 2020 मध्ये मनाई उठली, 2022 मध्ये केंद्राने लाकूड चांगले आहे असे सांगणारी मोहीम काढली आणि 2023 च्या अखेरीस वाहतूक पास देशभर एकाच ऑनलाइन पद्धतीने देण्यास सुरुवात झाली. त्याच वर्षी बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी साग वाजतगाजत रवाना झाला, आणि नव्या संसद भवनातही नागपूरहून आलेला साग आहे.

जिल्ह्यातल्या एखाद्या वाचनालयाचा किंवा शाळेचा निधी मंजूर होतो तेव्हा मात्र निर्णय खरेदीच्या तपशिलाच्या रकान्यात होतो. तिथे लाकडाची जात, गाभ्याचे लाकूड की मिश्र, ओलाव्याचे प्रमाण, सांध्याचा प्रकार आणि लाकूड लागवडीचे असल्याचा दाखला हे लिहिलेले असले तर बांधावरच्या सागाला गिऱ्हाईक मिळते आणि गावातल्या सुताराला काम. नुसते ‘लाकडी’ लिहिले असेल, तर सर्वांत कमी दराची निविदा चुऱ्याच्या बोर्डाची असते आणि ती नियमाने मंजूर करावीच लागते.