भारतनेट

भारतनेट म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेऊन खेड्यात ब्रॉडबँड पोचवायची केंद्र सरकारची योजना. २५ ऑक्टोबर २०११ ला मंजुरी मिळाली तेव्हा नाव होतं नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क, भारतनेट नंतर झालं. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती, अंदाजे २०,००० कोटींचा खर्च आणि मुदत दोन वर्षांची, असा मूळ बेत होता. कामासाठी २०१२ मधे भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड ही सरकारी कंपनी काढली, आणि प्रत्यक्ष केबल टाकायचं काम बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड या सरकारी कंपन्यांकडे दिलं. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती व्हायलाच डिसेंबर २०१७ उजाडलं.

पैसा कुठून येतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. टेलिकॉम कंपन्यांच्या समायोजित महसुलातले (म्हणजे ठरावीक वजावटी करून उरलेल्या कमाईतले) ५ टक्के एका वेगळ्या निधीसाठी घेतले जातात, म्हणजे शेवटी आपल्याच रिचार्जमधून. आधी याला युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड म्हणायचे, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी केलं. विचार साधा आहे, जिथे घरं विखुरलेली आणि ग्राहक कमी तिथे खाजगी कंपनी स्वतःहून केबल टाकत नाही, तेव्हा शहरातल्या धंद्यातून थोडे पैसे काढून तिकडे लावायचे.

आता खरी मेख कुठे होती ते बघू. तालुक्यापासून वाटेतल्या टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत बीएसएनएलची फायबर बऱ्याच ठिकाणी आधीच होती, तीच वापरायची आणि तिथून पुढे पंचायतीपर्यंत तेवढी नवीन टाकायची असं ठरलं, कागदावर स्वस्त पडतं पण जुनी केबल खराब असली की पुढची नवी कोरी असून उपयोग शून्य. त्यात सगळी जोडणी एका ओळीत, म्हणजे रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने किंवा पाण्याच्या पाइपलाइनच्या खोदाईत मधेच केबल तुटली की पुढची सगळी गावं बंद, आणि जोडायला माणूस कधी येणार ते त्याच्या मर्जीवर. बरं फायबर शाबूत असली तरी पंचायतीच्या खोलीतल्या डब्याला, म्हणजे फायबरमधून नेट देणाऱ्या यंत्राला, वीज लागते, लाइट गेली आणि बॅटरी उतरलेली असली की तो डबा भिंतीवर नुसता शोभेला. आणि ही सोय पंचायतीपर्यंतचीच, १०० एमबीपीएस तिथे आलं तरी घराघरात कोण नेणार याचं धड उत्तर नव्हतंच. त्यामुळे "जोडलेल्या" पंचायती आणि नेट खरोखर चालू असलेल्या पंचायती हे आकडे कायम वेगळे राहिले, सरकारी आकडा वाचताना तो कुठला हे आधी बघावं.

जुलै २०१७ मधे दुसरा टप्पा मंजूर झाला, त्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतलं, महाराष्ट्रात ते महानेट नावाने चाललं. विजेच्या खांबांवरून केबल न्यायची, अगदी दुर्गम ठिकाणी सॅटेलाइट वापरायचं असे पर्यायही आले. १५ ऑगस्ट २०२० च्या भाषणात पंतप्रधानांनी हजार दिवसांत सहा लाखांवर गावं जोडायची घोषणा केली, मग २०२१ मधे १६ राज्यांत खाजगी भागीदारीसाठी १९,०४१ कोटींची तरतूद झाली, पण टेंडरला बोली लावायला कुणी आलंच नाही. २०२२ मधे भारत ब्रॉडबँड नेटवर्क ही कंपनीच बीएसएनएलमधे विलीन करायचं ठरलं.

सध्या चालू आहे तो ऑगस्ट २०२३ चा सुधारित कार्यक्रम, मंजूर रक्कम १,३९,५७९ कोटी. यात एका ओळीऐवजी रिंग आहे, एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने नेट चालू राहतं, आणि मुख्य म्हणजे दहा वर्षांची देखभाल करारातच धरलीय, जी माझ्या मते २०११ मधेच धरायला हवी होती. घरोघरी कनेक्शन द्यायला गावातलाच कुणीतरी "उद्यमी" नेमतात, तो वायर ओढतो, बिघाड बघतो आणि महिन्याच्या कमाईत वाटा घेतो. सुमारे २.६४ लाख पंचायती रिंगमधे घ्यायच्यात. पंचायत नसलेली जवळपास ३.८ लाख गावं मात्र मागणी आली तरच जोडणार.