माऊसची शेपटी जायला इतकी वर्षं का लागली?

वायरचा माऊस बाजूला ठेवून वायरलेस घेतला, की पहिले काही दिवस हात एक जुनी सवय सोडत नाही. लांबवर काही ओढायचं असलं की मनगट किंचित उचललं जातं, वायर सैल करायला. वायर तर नसतेच. माझ्या हाताची ही सवय जायला पंधरा दिवस लागले. टेबलाच्या कडेला अडकणाऱ्या त्या वायरशी माणसाची झटापट माऊस जन्मला तेव्हापासूनच चालू होती.

१९६४ साली कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस तयार केला. लाकडाचा ठोकळा, खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं आणि वर एकच बटण. वायर मागून, म्हणजे वापरणाऱ्याच्या मनगटाकडून बाहेर यायची. ती शेपटीसारखी दिसते म्हणून त्याला माऊस म्हणू लागले. हे नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून आलं, ते पुढे एंगलबार्ट यांनाही आठवत नव्हतं. पण हात हलला की ती शेपटी गुंतायची, म्हणून त्यांनी लवकरच ती पुढच्या बाजूने काढली. नाव मात्र तेच राहिलं. ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी नव्वद मिनिटांच्या जाहीर प्रात्यक्षिकात हा माऊस चालवून दाखवला. त्याच्या काही आठवडे आधी जर्मनीतल्या टेलिफुंकेन कंपनीने चाकांऐवजी गोळी असलेलं ‘रोलकुगेल’ नावाचं असंच यंत्र बाजारात आणलं होतं. वायर त्यालाही होतीच.

वायर एकाच वेळी दोन कामं करत होती. हात किती हलला, कोणतं बटण दाबलं, ही खबर ती माऊसकडून संगणकाकडे नेई, आणि उलट दिशेने माऊसला वीज पुरवी. वायरलेस माऊसच्या इतिहासात पहिलं काम सुटायला वेळ लागला नाही. खरं अडलं ते दुसऱ्यापाशी.

पहिला टप्पा १९८४चा. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रातून बाहेर पडलेल्या लोकांनी मेटाफर नावाची कंपनी काढली होती. तिच्या संगणकासाठी लॉजिटेकने इन्फ्रारेड किरणांवर चालणारा बिनवायरचा माऊस बनवला. लॉजिटेक तेव्हा अवघी तीन वर्षांची होती; १९८१ साली स्वित्झर्लंडमधल्या आपल नावाच्या गावात ती सुरू झाली होती. इन्फ्रारेड म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधलंच तंत्र, आणि रिमोटचे सगळे दोष त्यात आले. मध्ये चहाचा कप आला, कागदांची चळत आली, की खबर तुटली. रिमोट आपण क्षणभर टीव्हीकडे रोखतो आणि ठेवून देतो. माऊस दिवसभर टेबलावर फिरत असतो, त्याने सतत किरण पकडणाऱ्या एकाच खिडकीकडे तोंड करून बसायचं हे जमणारं नव्हतं. त्याच वर्षी विकायला आलेल्या आयबीएमच्या पीसीज्युनिअर या घरगुती संगणकाचा कीबोर्ड इन्फ्रारेडवर चालायचा. चार पेन्सिल सेल लागायचे आणि एका खोलीत दोन मशीन असली की एकाचं टायपिंग दुसऱ्याकडे जाऊ शकायचं. आयबीएमने त्या बिनवायरच्या कीबोर्डसाठी जोडायची वायर वेगळी विकायला ठेवली होती. त्या काळात वायर किती भरवशाची वाटत असेल, ते एवढ्यावरून कळतं.

१९९१मध्ये लॉजिटेकचाच माऊसमॅन कॉर्डलेस आला. रेडिओ लहरींवर चालणारा पहिला माऊस म्हणून तो ओळखला जातो. रेडिओला कप किंवा कागद आडवे येत नाहीत, त्यामुळे समोरासमोर असण्याची अट गेली. पुढची बरीच वर्षं असे माऊस २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालले. पल्ला जेमतेम दोन मीटर, आणि चॅनेल इतके मोजके की शेजारच्या टेबलावर तसाच माऊस असला तर खाली दिलेलं ‘कनेक्ट’चं बटण दाबून पुन्हा जुळवाजुळव करायची. माऊसची खबर पकडून संगणकाला देणारा रिसीव्हर हातभर लांब वायरच्या टोकाला, साबणाच्या वडीएवढा. शेपटी माऊसची सुटली आणि रिसीव्हरला लागली, एवढाच फरक.

आपल्याकडे तेव्हा तालुक्याच्या गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गोळीचा माऊस होता. बाण अडखळायला लागला की झाकण फिरवून गोळी काढायची आणि आतल्या रुळांवर बसलेली मळाची काळी पट्टी नखाने खरवडायची. मीही ती कित्येकदा खरवडली आहे. या माऊसचा एक मोठा गुण मात्र फार उशिरा माझ्या लक्षात आला. तो विजेच्या बाबतीत अतिशय काटकसरी होता. तेव्हा माऊस ज्या खाचेत जोडायचा त्या सिरियल पोर्टमध्ये विजेसाठी वेगळी तारच नसते. माऊस त्या पोर्टच्या सिग्नलच्या तारांतूनच काही मिलिअँपिअर घेऊन काम भागवत असे.

१९९९ साली मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस एक्सप्लोरर आला आणि गोळीचे दिवस भरले. पोटाखाली लाल दिवा, शेजारी इवलासा कॅमेरा. तो टेबलाच्या पृष्ठभागाचे सेकंदाला १५०० फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून हात कुठे व किती सरकला ते ठरवतो. खरवडणं संपलं, आधीच्या प्रकाशावर चालणाऱ्या माऊसना लागायची ती खास जाळीची पाटीही लागेना. पण दिवा, कॅमेरा आणि हिशेब करणारी चिप हे तिघंही वीज मागतात. यूएसबीच्या वायरीतून ५ व्होल्ट सतत मिळत असल्याने वायरच्या माऊसला त्याची फिकीर नव्हती. वायरलेसवाल्यांना मात्र रेडिओचा प्रश्न आटोक्यात येतो न येतो तोच हे नवं खाणारं तोंड पोसायचं होतं. ऑप्टिकल, म्हणजे असा कॅमेऱ्याचा, आणि बिनवायरचा असे दोन्ही गुण एकत्र आले ते २००१च्या सुमारास, आणि त्या काळात वायरलेस माऊस घेणं म्हणजे सेलचा नवा मासिक खर्च लावून घेणं असायचं.

ही तहान कमी कशी झाली, हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. कोण्या एका शोधाने ती भागली नाही. माऊस थांबला की कॅमेऱ्याने डुलकी घ्यायची, आणखी थोडा वेळ गेला की गाढ झोपायचं, आणि अधूनमधून एखादा फोटो काढून ‘हललो का?’ एवढंच पाहायचं. रेडिओने सतत न बोलता थोडकंच, तेही झटक्यात बोलायचं. लाल दिव्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा किंवा लेझर आला. तुमचा वायरलेस माऊस उलटा करून पाहा, बहुधा खाली लाल उजेड दिसणार नाही. बराच वेळ न हलवलेला माऊस पहिल्या क्षणी किंचित उशिरा जागा होतो, तोही याच काटकसरीमुळे. ही काटकसर इतकी साधली की दोन पेन्सिल सेलवर तीन वर्षं चालेल असं सांगून कंपन्या माऊस विकू लागल्या.

त्याच दशकात २७ मेगाहर्ट्झ मागे पडलं आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आला. लहर आखूड म्हणून अँटेनाही छोटा, त्यामुळे साबणाची वडी जाऊन नखाएवढा रिसीव्हर लॅपटॉपला कायमचा लावून ठेवता येऊ लागला. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५मध्ये परवानामुक्त झाला. ब्लूटूथही इथेच राहतं. त्याच्या मूळ पद्धतीत ७९ चॅनेलांवरून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत बोलणं चालतं, म्हणून शेजारच्याशी टक्कर झाली तरी ती क्षणापुरती असते. वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात आहेत. एक शेजारी मात्र अनपेक्षित निघाला. यूएसबी ३.० पोर्टमधून नेमक्या याच पट्ट्यात रेडिओचा गोंगाट होतो, असं इंटेलने २०१२मध्ये दाखवून दिलं. नवा वायरलेस माऊस विनाकारण अडखळत असेल तर रिसीव्हर निळ्या, म्हणजे यूएसबी ३.०च्या, पोर्टमधून किंवा हार्ड डिस्कच्या शेजारून हलवून पाहा. माऊस खराब समजून परत करण्याआधी एवढं जरूर करा.

गेम खेळणारे सर्वांत शेवटी वळले. साधा यूएसबी माऊस संगणकाला सेकंदाला १२५ वेळा खबर देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. गेमिंगचा वायरचा माऊस हजार वेळा देतो. बिनवायरचे माऊस २०१६च्या आसपास खऱ्या अर्थाने त्या पंगतीला बसले.

आणि त्याच वर्षी वायरचं तिसरं काम उघडकीला आलं. माऊस आणि संगणक यांच्या मधलं बोलणं वायर खासगी ठेवत होती. फेब्रुवारी २०१६मध्ये बॅस्टिल या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं, की ब्लूटूथ सोडून इतर अनेक वायरलेस माऊसचे रिसीव्हर आलेल्या खबरीची नीट शहानिशाच करत नाहीत. कीबोर्डची अक्षरं सांकेतिक करून पाठवली जात होती, माऊसच्या हालचाली बऱ्याचदा उघड्या. माऊसच्या खबरीत काय लपवायचं, असा विचार त्यामागे असावा. पण शंभर मीटरपर्यंतच्या अंतरावरून, स्वस्तात मिळणाऱ्या रेडिओच्या तुकड्याने, कोणीही माऊसचं सोंग घेऊन त्या रिसीव्हरमार्फत चक्क कीबोर्डच्या कळा दाबू शकत होतं. या प्रकाराला त्यांनी माऊसजॅक असं नाव दिलं. काही कंपन्यांनी रिसीव्हरमधलं सॉफ्टवेअर सुधारून दिलं, पण अनेक रिसीव्हर असे बनवलेले होते की त्यांत नंतर काही बदलताच येत नव्हतं.

माझ्या खणात त्या काळातला एक रिसीव्हर पडून होता, माऊस केव्हाच मोडलेला. अडीअडचणीला कामी येईल म्हणून जपून ठेवला होता. हे वाचल्यावर तो इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या डब्यात टाकून आलो.