आदत, दुसा, चौसा

मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला, तेव्हापासून खिलार जातीच्या खोंडांवर बोलायला प्रत्येकाकडे काहीतरी आहे. त्या बोलण्यात एक विधान हमखास कानावर येतं: ‘वरचे पुढचे दात पडलेत, म्हणजे म्हातारं जनावर गळ्यात मारलं.’ बैलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात मुळात नसतातच. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुणालाच नसतात. तिथे कडक हिरडीची गादी असते. जीभ गवताची जुडी ओढते, खालचे दात ती या गादीवर दाबतात आणि मानेच्या हिसक्याने गवत तुटतं.

माणदेशातल्या म्हसवड-खरसुंडीच्या बाजारात हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, वासराचा ओठ खाली ओढतो तो खालचे आठ दात बघायला. सगळे दुधाचे असले तर ‘आदत’. मधली जोडी पडून कायमची, रुंद जोडी आली की ‘दुसा’; हे साधारण दोन वर्षांच्या आसपास. मग चौसा, सहादाती, आणि चार-साडेचार वर्षांच्या सुमारास आठही आले की ‘जुळला’. त्यानंतर रुमालाखाली बोटं धरून भाव.

इथपर्यंत शेतकऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला भुरळ घालतात त्या मागच्या दाढा, कारण बैल जुळल्यानंतरही वयाचा हिशेब त्या चालू ठेवतात.

आपल्या दाढेवर इनॅमलचं टोपण असतं. बैलाच्या दाढेत ते टोपण घडी घालून आत खोल गेलेलं असतं आणि घड्यांच्या पोकळीत सिमेंटम, म्हणजे हाडासारखा थर, भरलेला असतो. इनॅमल सर्वांत कठीण, त्याहून मऊ त्याच्या आतलं दंतिन, सिमेंटमही मऊच. गवतातली सिलिका आणि त्यावरची धूळ दाढ घासत राहते. मऊ भाग आधी झिजतो, इनॅमलच्या कडा उभ्या राहतात. जातं गुळगुळीत झालं की छिन्नीने टाकवून घ्यावं लागतं. ही दाढ वापरानेच टाकवली जाते. वरून झिजेल तशी ती हिरडीतून वर सरकते. झीज जसजशी खोल जाते तसतसा इनॅमलच्या कड्यांचा आकार बदलतो: आधी अरुंद चंद्रकोरी, मग रुंद, मग घड्या पुसल्या जाऊन नुसता गुळगुळीत पृष्ठभाग. खालच्या जबड्यातल्या शेवटच्या दाढेला तीन कप्पे असतात, म्हणून ती सुटी सापडली तरी ओळखू येते. मुळावर सिमेंटमचे थरही चढत जातात, आणि ऋतूंतला फरक ठळक असेल तिथे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून ते खोडाच्या वलयांसारखे मोजता येतात.

(बाजारात वयाइतकीच चर्चा गोमेची, म्हणजे अंगावरच्या केसांच्या भोवऱ्याची, होते. केसांची अमुक दिशा असली की मालकावर संकट! कातडीत केसांची मुळं गर्भातच तिरपी बसतात, तिथून भोवरे पडतात. मालकाच्या आयुष्याशी त्यांचा काय संबंध? चांगला बैल त्यापायी कमी भावात जातो, खरी गोम ती.)

बैलाची हीच दाढ जुन्या वस्त्यांतली हाडं अभ्यासणारे पुरातत्त्वज्ञ वाचतात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. अशा ठिकाणचे जबडे वयाप्रमाणे मांडले की कळपाचं गणित दिसतं. कोवळे नर कमी वयात संपलेले आणि माद्या म्हाताऱ्या, तर दुधाचा कल. नरही झिजलेल्या दाढांपर्यंत जगवलेले, तर ते जुंपले जात असावेत. नर-मादी ठरवायला मात्र दाढ पुरत नाही, त्याला शिंगाचा गाभा किंवा पायाची हाडं लागतात. सुटे दात मोजताना एकच जनावर दोनदा मोजलं जायची भीतीही असतेच.

इनामगावचा शेवटचा टप्पा, साधारण इ.स.पू. १००० नंतरचा, निराळा आहे. चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आखडली आणि शेळ्यामेंढ्यांवरची व शिकारीवरची भिस्त वाढली. कोरडं होत गेलेलं हवामान हे त्याचं कारण, असं उत्खननकर्त्यांपैकी म. के. ढवळीकरांचं मत होतं. कोरड्या वर्षात गाईबैलांना पुरेल इतकं पाणी आणि वैरण जमवणं अवघड. मेंढी खुरट्या गवतावर तगते आणि धन्याबरोबर चालत दुसऱ्या रानात जाते. घोड-भीमेच्या पट्ट्यात मेंढरं घेऊन फिरणारे धनगर आजही भेटतात. मेंढी विकत घेताना तेही आधी तिचा खालचा ओठच ओढतात.