निळ्या ताडपत्रीखालचा पाऊस

मिशिगनमधल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही ट्रेलरवर निळी ताडपत्री टाकली. २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर (अशा फिरत्या घरांना इथे आरव्ही म्हणतात), सेकंडहँड, पण फार हौसेने घेतलेला. मुलांना घेऊन लेक सुपीरिअरच्या काठाकाठाने फिरायचं ठरलं होतं. ऑक्टोबरअखेरीस छत धुतलं, ताडपत्री चारही बाजूंनी आवळून पार जमिनीपर्यंत आणली आणि निर्धास्त झालो. एप्रिलमध्ये दार उघडलं तर आत कुबट वास कोंडलेला. गाद्यांच्या खालच्या अंगाला काळे ठिपके, कपाटामागच्या प्लायवर बुरशी. ताडपत्रीला कुठेही भोक नव्हतं, छतही गळलं नव्हतं. तरी तिची आतली बाजू ओलीचिंब होती आणि हात लावला की थेंब टपटपत होते.

बाहेरचं पाणी आलं नाही, मग हे आलं कुठून? हवेतून आणि जमिनीतून. आरव्हीला कव्हर घालावं की नाही, याचं उत्तर इथूनच शोधावं लागतं.

२० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावतं. शून्य अंशाला तेच जेमतेम ५ ग्रॅम. आमच्या ट्रेलरच्या आत साधारण ३४ घनमीटर हवा आहे. शरद ऋतूतल्या एखाद्या उबदार दुपारी, ६० टक्के आर्द्रता असताना सगळं बंद केलं, तर दर घनमीटरमागे १० ग्रॅमच्या वर बाष्प आत अडकतं. रात्री पारा शून्यावर आला की त्यातलं निम्म्याहून जास्त बाष्प हवेत राहूच शकत नाही. हिशोब केला तर पेलाभर पाणी होतं. ते सगळ्यात थंड जागी जाऊन बसतं: खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट, गादीखालची फळी, कपाटाचा बाहेरच्या भिंतीला टेकलेला कोपरा. शिवाय गादी, पडदे, प्लायवूड यांच्या तंतूंमध्ये आधीच मुरलेलं पाणी असतं, ते वेगळंच.

पण खरा साठा चाकांखाली होता. ट्रेलर गवतावर उभा होता. ओल्या मातीतून उबदार दिवशी एक मिलिमीटर पाणी सहज उडून जातं, आणि एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. ट्रेलरच्या खाली जवळपास १७ चौरस मीटर जमीन. मोकळ्यावर हे बाष्प वाऱ्याबरोबर निघून गेलं असतं. आम्ही ताडपत्री जमिनीपर्यंत ओढून त्याला तंबू बांधून दिला. निरभ्र रात्री उघड्यावरचा कुठलाही पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. गवतावर दव पडतं ते याचमुळे. पातळ ताडपत्री तर झटकन गार होते. खालून आलेलं बाष्प तिच्या आतल्या बाजूला दव होऊन चिकटायचं, थंडीत तिथेच गोठायचं आणि दुपारच्या उन्हात वितळून छतावर पडायचं. त्या निळ्या ताडपत्रीखाली सगळा हिवाळा पाऊस पडत होता.

हे कळलं तेव्हा मला कोकणातल्या हर्णैची आठवण झाली. ते माझं आजोळ. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, जवळ आली की होड्या किनाऱ्यावर ओढून घेत आणि शाकारत. विणलेल्या झावळ्यांचे झाप एकावर एक, उतरत्या क्रमाने बांधायचे. पाऊस झापावरून निथळून जायचा आणि झापांच्या मधल्या फटींतून वारा खेळत राहायचा. होडीही वाळूला टेकलेली नसायची, खाली लाकडाचे ओंडके असायचे. शेजारचे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, सांगत, पावसाने होडी कुजत नाही, कोंडल्याने कुजते. लहानपणी मला ते उलटंच वाटायचं. आता वाटतं, आरव्हीच्या कव्हरबद्दल याहून मोलाची माहिती मला कुठल्याही दुकानात मिळाली नाही.

आरव्हीसाठी म्हणून जी चांगली कव्हरं मिळतात ती हेच काम वेगळ्या मार्गाने करतात. पावसाचा थेंब एक-दोन मिलिमीटरचा असतो. बाष्पातला पाण्याचा रेणू नॅनोमीटरच्या साधारण एक-चतुर्थांश. या दोन मापांमध्ये इतकं अंतर आहे की मधल्या आकाराचं छिद्र ठेवलं तर थेंब अडतो आणि बाष्प निघून जातं. अशा सूक्ष्मरंध्री कापडातली छिद्रं मायक्रोमीटरच्या आसपासची असतात. थेंब फक्त आकारामुळे अडत नाही. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनला पाणी चिकटत नाही, त्यामुळे छिद्राच्या तोंडाशी पाण्याचा पृष्ठताण त्याला आत शिरू देत नाही. एक मायक्रोमीटरच्या छिद्रातून पाणी ढकलायला सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब लागतो. टायव्हेक हे या कुळातलं एक नाव, आरव्हीच्या काही कव्हरांच्या वरच्या भागात ते वापरतात. १९५५ मध्ये ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत एका संशोधकाला नळीतून बाहेर पडणारा पांढरा पिसासारखा पॉलिथिलीनचा तंतू दिसला, तिथून त्याची सुरुवात झाली.

या कापडाची एक नाजूक बाजू आहे. साबणाचा अंश राहिला की पृष्ठताण कमी होतो आणि तेच कापड झिरपायला लागतं. म्हणून कव्हर धुवायचं तर नुसत्या पाण्याने, किंवा साबणाचा मागमूस राहणार नाही इतकं खळबळून.

आता उन्हाकडे वळू, कारण बहुतेक लोक कव्हर घेतात ते उन्हासाठी, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. हिरव्या प्रकाशाच्या एका कणात सुमारे सव्वादोन इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणुरेणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) ऊर्जा असते. ३०० नॅनोमीटरच्या अतिनील कणात ४.१. प्लास्टिक आणि रबराच्या साखळीतला कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३.६ लागतात. म्हणजे नुसता उजेड कितीही प्रखर असला तरी तो बंध एका फटक्यात तोडू शकत नाही, अतिनील किरण तोडू शकतो. तुटलेल्या टोकांवर हवेतला प्राणवायू बसतो, आणि साखळी तुटत जाते. ट्रेलरच्या छतावर हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते ना, ती हीच. पुष्कळशा ट्रेलरांचं छत ईपीडीएम नावाच्या रबराच्या जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पडद्याचं असतं. वरचा थर झिजला की त्यातली रंगद्रव्यं मोकळी होऊन हाताला येतात.

छताचा पडदा तरी बरीच वर्षं टिकतो. आधी हार मानतं ते सीलंट. व्हेंट, स्कायलाइट, एसी, अँटेना, छताला जिथे जिथे भोक पाडलंय तिथे कडेने ओतलेलं ते लवचीक सीलंट उन्हाने कडक होतं आणि त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. भेगेत पाणी शिरतं, रात्री गोठतं. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं. सकाळी वितळलं की थोडं आणखी आत जातं. मिशिगनच्या मार्चमध्ये हे रोज घडतं, महिनाभर. खालच्या लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की त्यात कुजवणारी बुरशी घर करते. छताच्या दुरुस्तीचं बिल हजारो डॉलरांत येतं, कव्हर काही शे डॉलरांत. माझ्या मते आमच्याकडच्या हवेत कव्हरचं खरं काम या शिवणी आणि सीलंट जपणं हेच आहे, रंगाची चमक हा वरकड फायदा.

टायरांचं मात्र वेगळं आहे, आणि ते बहुतेक जण विसरतात. टायरच्या रबरात ओझोनपासून रक्षण करणारं मेण मिसळलेलं असतं. चाक फिरताना रबर दबतं-ताणतं, तेव्हा ते मेण पृष्ठभागावर येत राहतं. सहा महिने एका जागी उभ्या राहिलेल्या टायरमध्ये ते पुरेसं येत नाही, आणि कडांना बारीक तडे जातात. नक्षी नव्यासारखी दिसते, टायर आतून म्हातारा झालेला असतो. टायरच्या कडेवर डीओटी अक्षरांपासून सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे पाहा: २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. पूर्ण कव्हर घालायचं नसेल तरी टायरांना वेगळं छोटं कव्हर घालाच. ते स्वस्त असतं आणि त्याला हवा कोंडण्याचा धोका जवळपास नसतो.

कव्हरचं कापडही प्लास्टिकचंच, तेव्हा ऊन त्यालाही सोडत नाही. साधं पॉलिप्रॉपिलीन अतिनील किरणांपुढे फार लवकर ठिसूळ होतं, म्हणून त्यात किरणांचा परिणाम रोखणारी द्रव्यं मिसळतात. ती संपली की कापड बोटाने फाटतं. पॉलिएस्टर त्यापेक्षा जास्त टिकतं.

आणि वारा. मला विचाराल तर कव्हर घालू नये याचं सगळ्यात मोठं कारण वारा आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात ट्रेलरच्या एका बाजूवर सुमारे १३० किलो वजनाएवढा जोर पडतो, ८० च्या वाऱ्यात त्याच्या चौपट, ५२० किलोच्या आसपास. ट्रेलर तो सोसतो, कव्हरच्या पट्ट्या सोसत नाहीत. पण त्याहून वाईट असतं ते साध्या वाऱ्यातलं फडफडणं. सैल कापड झेंड्यासारखं सेकंदाला चार-पाच वेळा हलतं. एका वादळी रात्रीत हे दीड-दोन लाख वेळा होतं. कापड आणि रंग यांच्या मध्ये धूळ असते, धुळीत सिलिकाचे कण असतात, आणि ते रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कितीतरी कठीण. छताच्या पन्हळीचं टोक, शिडी, एसीचा कोपरा इथे तर कापडच भोसकून निघतं. म्हणून घालायचं तर ट्रेलर आधी स्वच्छ धुवून, कोपऱ्यांवर फोमच्या नळ्या बांधून, मापाचंच कव्हर घ्यायचं आणि पोटाखालून पट्टे आवळायचे. दोन फूट मोठं कव्हर ‘चालून जाईल’ म्हणून घेतलं तर ते रंग घासून काढतं.

बर्फाच्या वजनाबद्दल एक गैरसमज ऐकू येतो की कव्हर तो भार पेलतं. कव्हर काहीच पेलत नाही. ओला, बसलेला बर्फ घनमीटरला ३०० किलो भरतो. त्याचा एक फुटाचा थर १७ चौरस मीटर छतावर म्हणजे दीड टन. तो काढावाच लागतो. फक्त कव्हर असेल तर मऊ झाडूने लोटताना छताचं रबर खरवडत नाही.

मग घालायचं की नाही? हे गाव पाहून ठरवावं लागतं. आम्ही लेक मिशिगनच्या पूर्वेला राहतो. थंड वारा तळ्यावरून बाष्प उचलून आणतो आणि आमच्यावर बर्फ म्हणून ओततो. ट्रेलर पाच महिने हलत नाही, घर आणि झाडं वारा अडवतात. इथे हवा खेळू देणारं कव्हर घालण्यात शहाणपण आहे. आमचा ट्रेलर ज्या एल्कहार्टमध्ये बनला, जिथे अमेरिकेतल्या बहुतांश आरव्ही बनतात, त्या उत्तर इंडियानातही हेच म्हणेन. कॅन्सस-ओक्लाहोमाच्या उघड्या मैदानात राहणाऱ्याला मी कव्हर घेऊ नका म्हणेन. छताच्या सांध्यांना दरवर्षी सीलंटचा हात द्या आणि बाजूंच्या रंगाला मेण लावा. ॲरिझोनाच्या उन्हात कव्हर स्वतःच लवकर जळून जातं, तिथे पत्र्याची शेड बरी, कारण सावलीही मिळते आणि चारही बाजूंनी वारा. सिएटलचं गणित आपल्या लोकांना चकवतं. तिथे वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण तो दीडशेच्या आसपास दिवसांत थोडाथोडा पडतो आणि हिवाळाभर काही वाळत नाही. तिथे कव्हर आठवडेच्या आठवडे ओलं राहतं, त्यावर शेवाळ धरतं. तिथेही शेडच.

दर दोन आठवड्यांनी गाडी बाहेर काढणाऱ्याने कव्हराच्या भानगडीत पडूच नये. दोन माणसांनी शिडी लावून चढवायचं, उतरवायचं, यात घसरून पडण्याचा धोका मोठा आहे. छतावर सोलर पॅनेल असेल तर कव्हरखाली ते झोपतं आणि बॅटरी उतरते, ती काढून घरात ठेवावी. आणि कव्हर घातलं म्हणजे झालं, असं मानू नये. झाकलेल्या छताकडे कोणी पाहत नाही, आणि सीलंटची भेग न पाहिल्यानेच मोठी होते.

आता आम्ही ट्रेलर गवतावरून काढून खडीवर उभा करतो. कव्हर तळापासून फूटभर वर थांबतं. व्हेंटवर पावसाची टोपी बसवून ते दोन बोटं उघडे ठेवतो, फ्रिजचं दार उघडं, गाद्या उभ्या. सिंकमध्ये कॅल्शियम क्लोराइडचं भांडं असतं. ते हवेतली ओल ओढून स्वतःच विरघळतं, जानेवारीत ते रिकामं करून पुन्हा भरतो. शेजारी छोटा आर्द्रतामापक. ६० च्या वर आकडा दिसला की कोरड्या दुपारी दार तासभर उघडं.

कव्हर चढवायच्या आधी सलग दोन कोरडे दिवस मिळेपर्यंत थांबतो, कारण ओल्या ट्रेलरवर घातलेलं कव्हर ती ओल जपून ठेवतं. गेल्या वर्षी ते दोन दिवस नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाले, आणि तिसऱ्या आठवड्यात बर्फ पडला. एप्रिलमध्ये धाकटीने दार उघडलं आणि नाक आत घालून हुंगलं. प्लायचा वास आला, नुसता प्लायचा.