पोरांना धोका कळतच नाही?

‘या वयात पोरांना धोका कळतच नाही, आपल्याला काही होणार नाही असंच त्यांना वाटतं’ हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. ते खरं नाही. अपघात किंवा आजाराची शक्यता विचारली, तर किशोरवयीन मुलं ती बरेचदा प्रत्यक्षापेक्षा जास्तच सांगतात. शांतपणे विचार करायला वेळ मिळाला, तर साधारण १६व्या वर्षी त्यांची तर्कबुद्धी मोठ्यांच्या बरोबरीला येते.

मग घोडं अडतं कुठं? सोबतीत. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाडी चालवण्याचा खेळ होता. सिग्नल पिवळा झाला; थांबायचं की दामटायची? एकटी असताना १४ ते १८ वर्षांची मुलं मोठ्यांसारखीच खेळली. पण दुसऱ्या खोलीतून मित्र बघताहेत एवढं कळलं, की ती जास्त धोका पत्करू लागली. मेंदूतला बक्षिसाची चाहूल घेणारा भागही तेव्हा जास्त सक्रिय झाला. मोठ्यांत तसा फरक दिसला नाही.

म्हणून ‘तुला अक्कलच नाही’ हे बोलणं मला फार खटकतं. अक्कल असते. ‘गाडीत अजून कोण कोण आहे?’ हा प्रश्न जास्त कामाचा.