तबेल्यातला खोकला

घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. त्याच्या टाळूचा मऊ भाग स्वरयंत्राला इतका घट्ट बिलगलेला असतो की हवेला नाकपुड्यांखेरीज दुसरी वाट उरत नाही, आणि म्हणून तबेल्यातील धूळ, बुरशीचे बीजाणू व जंतू हे सारे त्याच वाटेने थेट श्वासनलिकेत उतरते. या नलिकेच्या अस्तरावर सूक्ष्म लव असते. अडकलेली घाण चिकट स्रावासह घशाकडे ढकलण्याचे काम ती अखंड करते, आणि चरताना घोड्याची मान खाली असल्यामुळे त्या स्रावाला उतारही मिळतो. उंचावर टांगलेल्या जाळीतून वाळके गवत खाणाऱ्या किंवा ट्रकमध्ये तासन्‌तास मान वर बांधून नेलेल्या घोड्याला हा उतार मिळत नाही. लांबच्या प्रवासानंतर काही घोड्यांना गंभीर न्यूमोनिया होतो, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

दुसरे कारण पायाखालीच असते. मूत्रातील युरियापासून तयार होणारा अमोनिया ओल्या पेंढ्यालगत सर्वाधिक असतो आणि तो श्वासनलिकेच्या अस्तराला इजा करतो. उभ्या माणसाला त्याचा वास फारसा येत नाही, पण गुडघे टेकून पेंढ्याजवळ नाक नेले की डोळे चुरचुरतात. शिंगरू झोपते ते याच थरात.

अशा दुखावलेल्या अस्तरावर विषाणू आला की काम बिघडते. घोड्यांच्या इन्फ्लूएंझाचा एच3एन8 हा विषाणू लव असलेल्या पेशीच नष्ट करतो. संसर्गानंतर एक ते तीन दिवसांत ताप चढतो, कोरडा खोकला सुरू होतो आणि खोकल्यातून उडालेले तुषार शेजारच्या ठाणांपर्यंत सहज पोहोचतात. खोकला थांबला तरी अस्तर भरून यायला सुमारे तीन आठवडे लागतात. त्यामुळे तापाच्या प्रत्येक दिवसामागे एक आठवडा विश्रांती द्यावी, असा पशुवैद्यकांचा संकेत आहे. शर्यतीच्या किंवा धंद्याच्या घाईत तो मोडला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

विषाणूला घोडाच लागतो असेही नाही. 2007 साली ऑस्ट्रेलियात आयात घोड्यांबरोबर आलेला इन्फ्लूएंझा विलगीकरण केंद्रातून बाहेर पडला, तो बहुधा माणसांच्या अंगावरून वा साहित्यावरून, असा निष्कर्ष सरकारी चौकशीत निघाला. भारतात 2008 साली जम्मूतील कटरा येथून सुरू झालेली साथ अनेक राज्यांत पसरली. आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात दूरदूरचे घोडे एकत्र येतात. तिथून आणलेला नवा घोडा दोन-तीन आठवडे वेगळा बांधावा आणि सकाळ-संध्याकाळ त्याचे तापमान नोंदवावे. निरोगी प्रौढ घोड्याचे तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असते आणि ताप बहुधा खोकल्याच्या आधी येतो, म्हणून तबेल्यात थर्मामीटरइतके उपयोगी साधन दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे.

स्ट्रँगल्स या जिवाणूजन्य रोगाची चाल मात्र वेगळी आहे. त्यात ताप येतो, जबड्याखालच्या गाठी सुजतात आणि पिकून फुटतात. तो पू बादलीत, तोबऱ्यात, साईसाच्या हातांवर लागला की रोग पुढच्या ठाणावर जातो. घोडा बरा दिसू लागतो, परंतु कान आणि घसा यांना जोडणाऱ्या नळीलगत त्याला हवेच्या दोन मोठ्या पिशव्या असतात, त्यांत पू साचून घट्ट खडे बनू शकतात आणि त्यांच्या आश्रयाने जिवाणू महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकतात. घोडा धडधाकट असतो, चंदी नीट खातो आणि अधूनमधून इतरांना रोग देत राहतो. नाकातून दुर्बीण घालून त्या पिशव्या तपासल्या आणि धुतलेल्या पाण्याची पीसीआर चाचणी केली, तरच तो जिवाणूमुक्त आहे असे खात्रीने म्हणता येते. तोवर त्याची बादली, तोबरा आणि खरारा वेगळे ठेवावेत, आणि साईसाने त्याचे काम सगळ्यांत शेवटी करावे.